माणसाळलेले

तृप्ती : ती गादी उचल आधी. माझ्या खोलीत कोणी झोपणार नाही.

आई : हळू बोल, खालच्या मजल्यावर ऐकू जातंय.

तृप्ती : जाऊ दे! अख्ख्या मखमलाबादला ऐकू जाऊ दे. मला न विचारता चिमीला राहायला बोलावलंस कसं तू?

आई : विचारायचं काय त्यात? माझ्या सख्ख्या भावाची पोर ती. दिवाळीत तिचा मुका घेतला तर खारट लागली. तुझीच चव. मीच दिनेशला म्हटलं, घामाची तपासणी कर. तोवर तिथला डॉक्टर दमा म्हणून पंप देत बसला होता. आता तुझाच आजार निघालाय, तर त्या दिंडोरीत तिला बघणार कोण? इथं तुझे डॉक्टर आहेत, मला कफ सुटेल अशी पाठ थोपटता येते. तुला वाढवली तशी तिलाही वाढवीन.

तृप्ती : माझ्या शेजारी झोपवून?

आई : मग काय बिघडलं? परवा डॉक्टरच म्हणाले ना, तुझ्या छातीतले जंतू आता माणसाळलेत. या कानांनी ऐकलं मी.

तृप्ती : आणि तू काय समजलीस?

आई : समजायचं काय? माणसाळलेलं जनावर चावत नाही. मी देवीला नारळ फोडून आले. लगेच दिनेशला फोन केला, म्हटलं आता काही भीती नाही, घेऊन ये पोरीला.

तृप्ती : नारळ फोडलास? अगं आई, कपाळ माझं! नारळ कसला फोडतेस!

आई : ओरडू नकोस, खोकला येईल.

तृप्ती : येऊ दे! (बराच वेळ खोकते.) नको, पाणी नको. ऐक नीट. हा जंतू मुळात माणसातला नाहीच. मातीतला, गटारातला, मोरीतला. तुझ्या छातीत रोज जात असेल, तुला पत्ताही लागत नाही, तू बाहेर टाकतेस त्याला. माझा कफ गोंदासारखा. तो निघत नाही, म्हणून जंतूही निघत नाही. कितीतरी वर्षं झाली, तिथंच आहे. आधी त्याला पोहायला शेपटी होती. इथं पोहायचंय कुठं? टाकून दिली. अंगाभोवती चिकट थर करून घेतला, आता औषध आत पोचत नाही. आधी विष सोडून भांडायचा, तेही कमी केलं.

आई : मग शांतच झाला की!

तृप्ती : शांत नाही गं, मुक्काम ठोकलाय त्यानं! माणसाच्या छातीत कसं राहायचं ते माझ्यात राहून शिकला. मातीतला जंतू चिमीच्या छातीत गेला, तर तो नवखा असेल, औषधानं हाकलता येईल. माझ्यातला गेला तर सगळं शिकूनच जाणार. याला म्हणतात माणसाळणं. एकाच आजाराच्या दोघांनी एका खोलीत बसायचंसुद्धा नाही. तू औषधांच्या दुकानात गेलीस तेव्हा सांगितलं डॉक्टरांनी.

आई : आणि हे मला आज सांगतेस?

तृप्ती : परत येताना रिक्षात कशी हसत बसली होतीस! किती दिवसांनी. माझ्याच्यानं सांगवलं नाही.

आई : वा! म्हणजे मी नारळ फोडत फिरायचं आणि तू तोंड शिवून बसायचं. मग आता माझ्यावर कशाला डाफरतेस?

तृप्ती : कारण तुझ्यावरच डाफरता येतं! जंतूवर डाफरू का?

आई : थांब. दिनेशचाच फोन. आले वाटतं खाली.

तृप्ती : स्पीकरवर टाक. मामा, गेटातच थांब. चिमीला वर आणू नकोस.

मामा : का गं? लिफ्ट बंद हाय का? द्राक्षाचं क्रेट हाय माझ्यासंगं.

तृप्ती : लिफ्ट चालू आहे. तिला माझ्या घरात आणायचं नाही.

मामा : काय बोलतीस तू? पोरगी सकाळधरनं नवा फ्रॉक घालून बसलीय, ताईकडं जायचं, ताईकडं जायचं करून. आन् तू दारातून माघारी लावतीस? आक्का, ऐकतीस ना? आमाला काय महारोग झालाय का काय?

तृप्ती : तुम्हाला नाही, मला झालंय! माझ्यामुळं तिला लागेल!

मामा : आता लागायचं काय राहिलंय? तुझाच आजार हाय की तिला.

तृप्ती : आजार लागत नाही मामा, तो जन्मापासून असतो. माझ्या छातीतला जंतू लागतो, आणि तो आमच्यासारख्यांनाच धरतो. तू ये, माझ्या ताटात जेव, तुला काही होणार नाही. ती नको. या घराण्यात माझं दुखणं कळेल अशी एकच पोर, आणि तिलाच जवळ घ्यायचं नाही. मला काय हौस आहे का? संताप होतो नुसता!

मामा : मंग दिवाळीत गं? तुझ्या मांडीवर बसून तुझ्या हातची चकली खाल्ली तिनं.

तृप्ती : तेव्हा तिला हा आजार आहे हेच कुठं ठाऊक होतं? तिचा कफ तपासून घे, आजच. लागण नवी असली तर औषधानं जाते. उशीर करू नकोस.

मामा : आयला. लय वाईट झालं हे. मंग ठेवू कुठं हिला? हिच्या आईला ते पाठ थोपटणं जमत नाय. पोर रडली की तिचा हात थांबतो.

आई : दिनेश, मी येते दिंडोरीला. जमेपर्यंत राहीन, शिकवीन तिला.

तृप्ती : अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जा. माझा मास्क, वाफेचं मशीन, काही न्यायचं नाही.

आई : आणि तुझी पाठ?

तृप्ती : बाबा थोपटतील.

आई : त्यांचा हात म्हणजे कुत्र्याला गोंजारल्यासारखा.

तृप्ती : मी ओरडेन त्यांच्यावर. तू जा. आणि मामीला सांग, कितीही रडली तरी थांबायचं नाही. तू नाही थांबलीस कधी.

आई : नाही थांबले. म्हणून चावली होतीस मला.

मामा : तृप्ती, ही विचारतीय, ताई घरात नाय का?

तृप्ती : काय करतेय ती?

मामा : मान वर करून बघतीय. तुझी खिडकी कोणती म्हणती.

तृप्ती : तिसऱ्या मजल्यावरची, पिवळ्या पडद्याची. थांब, आधी काच लावून घेते. मग उभी राहते.