जोडलेले पलंग

आमच्या इटलीतल्या गावात, हार्डवेअरच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एत्तोरे सुतार आणि त्याची लेक ओर्नेल्ला होती. बल्गेरियातली दोन भावंडं, रोसित्सा आणि तिचा भाऊ, ती दत्तक घेणार होती.

“बाबा, आता बोल्ट कशाला? दोन खोल्यांत दोन पलंग झाले ना?”

“ते जोडायचेत. तू कामावर असताना दुभाषीबाईंचा फोन आला होता. रोसित्सा विचारतेय, तिथं भावाला वेगळं झोपवणार का?”

“अगंबाई! मग काय म्हणालात?”

“म्हटलं, आजोबा बावळट आहे, पण सुतार चांगला आहे.”

“बाबा!”

“हसली म्हणे पोरगी. मग तिनं विचारलं, आजोबा आम्हांला न्यायला येणार का?”

“तुम्ही? विमानाच्या नुसत्या आवाजानं घाबरता!”

“घाबरतो की. माझंही तिकीट काढ.”