असली सीडी पूजेत

खोटं सांगत न्हाई, अख्ख्या परतुरात क्रिकेटच्या गेमची असली सीडी माझ्या एकट्याकडं होती. औरंगाबादहून पक्क्या बिलानं आणल्ती. बाकी सगळे कॉपीवर खेळून राह्यलते. फक्त माझ्या असली गेमला एक अट होती, खेळताना दर टायमाला असली सीडी कम्प्युटरमधी पाहिजेच.

खंडेनवमीला आईनं पूजेत विळा, कात्री, पाना मांडला अन् शेजारी माझी सीडी. म्हणली, "तुझं हत्यार हेच की!" वरून चमकत्या बाजूला हळदकुंकवाची बोटं लावली. मी धोतराच्या फडक्यानं घासून पुसली, तर चरेच चरे. मंग काय, कम्प्युटर म्हणे, "असली सीडी टाका." आरं, तीच तर टाकलीय!

शेजारच्या सराफाच्या पारसकडं गेलो. त्याच्या कॉपीला सीडी लागायचीच न्हाई, गेम बराबर चालू. मी म्हणलो, "पैसे मी मोजले, अन् खेळून तू राह्यला?"

पारसनं शांतपणे माझ्यासाठी एक कॉपी काढली.

"नाराज नको होऊ. आमच्या दुकानातून बाया असली हार नेतात अन् लग्नात नकली घालून मिरवतात. असली चीज कपाटात ठेवायचीच असती, भाऊ."