गालातली बी

(व्हिला व्हिसोझाच्या राजवाड्यामागची बाग. जूनमधली दुपार. चेरीच्या झाडावर राजकन्या कादिया चढून बसली आहे. झाडाखाली तिची आई, पोर्तुगालची राणी ब्रांका, आणि राणीची जुनी मानकरीण डोना पुल्केरिया. उद्या सकाळी सरहद्दीवरच्या पुलावर कादियाला स्पेनच्या लोकांच्या हवाली करायचं आहे. तिथल्या तरुण राजाशी तिचं लग्न ठरलं आहे.)

कादिया : ...आणि मी खाली येणार नाही. म्हणजे नाही!

पुल्केरिया : नको येऊस. पण दुसरा जोडा तरी पायातच राहू दे. पहिला माझ्या डोक्यात बसलाय.

राणी : कादिया, बग्ग्या जुंपून तयार आहेत. बिशप आशीर्वाद पाठ करून बसलेत. तुझे बाबा घड्याळ उघडून बसलेत, म्हणजे ते घाबरलेत.

कादिया : त्यांना सांग, राजकन्येला मुंग्या चावल्या, ती आजारी आहे.

राणी : खरंच चावताहेत का?

कादिया : ...हो.

पुल्केरिया : त्या फांदीवर दरवर्षी असतात. जरा उजवीकडे सरक. दरवर्षी चढतेस, दरवर्षी सांगते.

राणी : नवरा मुलगा आवडला नाही का?

कादिया : चित्रात बरा आहे.

राणी : चित्रात सगळेच बरे असतात. तुझ्या बाबांना चित्रात मान होती.

पुल्केरिया : बाईसाहेब!

राणी : खोटं सांगतेय का? मी इथे येऊन शोधत बसले, मान कुठेय म्हणून. पण माणूस चांगला निघाला.

कादिया : मला नवऱ्याची भीती नाही गं आई. मला पुलाची भीती वाटते. पुलावरच्या त्या लाकडी खोलीत सगळं काढून घेतात ना?

राणी : सगळं. अंगावरचं, पायातलं, केसांतल्या पिनासुद्धा. एका दाराने माहेरचं लेऊन आत जायचं, दुसऱ्या दाराने सासरचं लेऊन बाहेर पडायचं. माहेरचा एक धागा अंगावर राहता कामा नये. तशी रीतच आहे.

कादिया : आणि मध्ये?

राणी : मध्ये एक गालिचा आहे. त्यावर उभं राहायचं.

पुल्केरिया : आणि गारठायचं. जूनमध्येसुद्धा फळ्यांच्या फटींतून नदीचा वारा येतो. त्यांना म्हणावं, निदान एक पडदा तरी लावा.

कादिया : हसू नका! आजवर मी जी कोण होते, ती त्या गालिच्यावर काढून टाकायची आणि पुढे जायचं? शेळीची लोकर काढतात तशी?

पुल्केरिया : मेंढीची. शेळीला कोण भादरतंय?

कादिया : मावशी, मी रडते आहे आणि तू शेळ्यामेंढ्या काय मोजतेस!

पुल्केरिया : तू रडतेस म्हणूनच. मीही रडायला लागले तर तुला उतरवून घ्यायला कोण राहील?

कादिया : मला ठाऊक आहे मला का पाठवताहेत ते. स्पेन हे आईचं माहेर ना! आईला हवं होतं हे लग्न.

पुल्केरिया : कादिया, तोंड सांभाळ.

राणी : बोलू दे तिला. खरं आहे ते. मला हवं होतं.

कादिया : बघ!

राणी : मी आले ती आलेच, बाळ. राणीला माहेरपण नसतं. माझी आई गेल्याचा निरोप आला तो दुखवट्याच्या काळ्या कापडाच्या गठ्ठ्याबरोबर. आधी कापड उतरवून घेतलं, मग निरोप वाचला. मला वाटलं, मी नाही तर निदान माझी पोर तरी आमच्या दरीत जाईल. चेऱ्या खाईल. माझ्या आईच्या थडग्यावर दोन फुलं ठेवेल. स्वार्थ आहे माझा, नाही म्हणत नाही.

कादिया : ...मला कधी बोलली नाहीस हे.

राणी : आज बोलले. आता ऐक. मला पाठवताना कुणी विचारलं नव्हतं. मी तुला विचारते. जायचंय? नको असेल तर नको म्हण. मी अशीच आत जाऊन तुझ्या बाबांना सांगते.

पुल्केरिया : बाईसाहेब, बग्ग्या जुंपल्यात!

राणी : घोडे सोडता येतात. महाराज घड्याळ आपटतील, युद्धाच्या गोष्टी करतील आणि संध्याकाळी जेवायला येतील. युद्धबिद्ध काही होत नाही. त्या पोराकडे आणखी ढीगभर राजकन्यांची चित्रं येऊन पडलीत.

कादिया : तू खरंच सांगशील?

राणी : आईच्या थडग्याची शपथ. तू नाही म्हण, मी निघाले.

कादिया : ...तू कशी गेलीस गं त्या खोलीत? भीती नाही वाटली?

राणी : वाटली तर! पण मी सगळं काढून दिलं नव्हतं.

कादिया : म्हणजे?

राणी : आजवर कुणाला सांगितलेलं नाही हे. पुल्केरिया, कान झाक.

पुल्केरिया : झाकले. बोला.

राणी : पुलाकडे येताना बग्गीत चेऱ्या खात होते. आमच्या दरीतल्या, आंबट. शेवटच्या चेरीची बी थुंकायला खिडकीशी गेले आणि म्हटलं, का थुंकू? रेशीम घ्या, मोती घ्या, माझं कुत्रं घेतलंत, दाईला घेतलंत. ही नाही देत. आणि ती बी ठेवली गालात. उजव्या.

पुल्केरिया : डाव्या.

राणी : उजव्या. गाल माझा होता.

पुल्केरिया : गाल तुमचा, पण बोट माझं होतं.

राणी : ...काय म्हणालीस?

पुल्केरिया : दात कुणी तपासले तुमचे? घोडी विकत घेताना बघतात तसे वधूचे दात बघायचे, ही पण रीत. इकडच्या बाजूने ते काम माझ्याकडे होतं. डावी बाजू, खालची शेवटची दाढ. तिच्या पलीकडे होती. चांगली टपोरी.

कादिया : मावशी! तुला माहीत होतं?

राणी : तुला माहीत होतं. आणि तू... थांब, मला बसू दे.

पुल्केरिया : बसा. तिथे नको, चेऱ्या सांडल्यात, पांढरा झगा आहे.

राणी : का बोलली नाहीस तेव्हा? कळतं तर तुला हाकललं असतं.

पुल्केरिया : हाकललं असतंच. माझ्या सासरेबुवांनी खटपटी करून मिळवलेली जागा होती. पण तुम्ही त्या गालिच्यावर उघड्या, काकडत उभ्या होतात, आणि माझं बोट बीला लागलं तेव्हा रडला नाहीत. डोळे असे वटारलेत, की आता बोट तोडते तुझं! मला हसूच आलं. म्हटलं, ही पोरगी टिकणार. आणि वर बघून सांगितलं, दात उत्तम आहेत.

कादिया : मग पुढे? गालात बी ठेवून बोललीस कशी आई? स्वागताला उत्तर द्यावं लागतं ना?

राणी : द्यावं लागतं. "आजपासून मी या भूमीची लेक झाले." महिनाभर पोर्तुगीजमध्ये पाठ केलं होतं. बिशप म्हणाले, राणीसाहेबांचं लॅटिन फार शुद्ध आहे.

पुल्केरिया : आणि हिवाळा येईतो लिस्बनमधल्या निम्म्या बायका गाल फुगवून बोलायला लागल्या. राणीची ढब म्हणे!

राणी : तुझे बाबा त्या दिवशी घड्याळांबद्दल सांगत सुटले होते. मी बोलू शकत नव्हते. नुसती मान हलवत होते. ते आपल्या आईला जाऊन म्हणाले, अशी समजूतदार मुलगी जन्मात पाहिली नाही.

पुल्केरिया : दुसऱ्या दिवशी राणीसाहेबांनी तोंड उघडलं. पण लग्न लागून गेलं होतं.

कादिया : आणि बी?

राणी : तू बसली आहेस तिच्यावर.

कादिया : ...हे झाड?

राणी : पहिला मुक्काम इथेच होता. पहाटे बागेत येऊन, बोटाने उकरून पुरली. उजाडताच लिस्बनला निघालो. मला वाटलं होतं, मरेल. पुढच्या खेपेला आले तर चांगलं हातभर रोप! केवढा अभिमान वाटला, एकटीच्या हिमतीवर...

पुल्केरिया : हं.

राणी : पुल्केरिया?

पुल्केरिया : बकऱ्यांनी खाल्लं असतं ते. फुटक्या मडक्याचं कडं बसवून घेतलं मी भोवती. माळ्याला पाणी घालायला सांगून ठेवलं, औषधी झाड आहे म्हणून.

राणी : आणि मी तुला पहिली दोन वर्षं छळलं. सासूची हेर समजून.

पुल्केरिया : माझ्या चॉकलेटात मीठ घालायचात.

राणी : तुला तेही माहीत होतं?

पुल्केरिया : पीत कोण होतं?

राणी : अगं, मग एकदा तरी सांगायचंस! एवढ्या वर्षांत एकदा!

पुल्केरिया : तुम्ही या झाडाकडे बघून एकट्याच हसायचात. म्हटलं, राहू दे. राजवाडा राजाचा, मुलं राज्याची, दागिने खजिन्याचे. तुमचं एकटीचं असं तेवढंच तर होतं.

कादिया : आई... रडतेस?

राणी : मुंग्या चावताहेत. मला परक्या देशात आल्यावर कुणीच नाही असं वाटत होतं गं. दोन वर्षं उशीत तोंड खुपसून रडत होते. आणि ही बाई शेजारच्या खोलीत खारट चॉकलेट पीत बसली होती.

पुल्केरिया : पुरे आता. झगा ओला होईल, मग डाग पडेल. कादिया, तुझं काय ते सांग. घोडे उन्हात उभे आहेत.

कादिया : मावशी, ती वरची चेरी पिकली असेल का गं? शेंड्याची?

राणी : चेरी कशाला घेतेस? तिकडे चेऱ्या पैशाला पासरी. माझ्या दरीत तर गाढवं खातात. न्यायचंच असेल तर आपल्याकडचं काहीतरी ने. ऑलिव्हची बी ने.

कादिया : आपल्याकडचंच तर नेतेय.

राणी : अगं, पण हे झाड मूळचं तिकडचं.

कादिया : तुझ्यासाठी. मी तर इथेच चढायला शिकले. माझा पहिला दात याच्याखाली पडला. माझं माहेर म्हणजे हेच झाड की!

पुल्केरिया : बाईसाहेब, तोंड मिटा. गालात बी नाही आता.

राणी : जाते म्हणतेस? माझ्यासाठी नको हं जाऊस. आजीच्या थडग्यासाठी तर नकोच.

कादिया : तुझ्यासाठी नाही. नाही म्हटलं तर तू खरंच आत जाशील, हे कळलं ना, म्हणून. आणि तो बरा निघाला नाही तर मी पत्र लिहीन, मग तू घड्याळबिड्याळ आपटून मला परत आणायचं.

राणी : स्वतः येईन आणायला. माहेरपण नसलं तरी येईन.

पुल्केरिया : चेरी नीट खा, गर राहू देऊ नकोस, वास येतो. आणि गालात ठेवू नकोस. जिभेखाली. गालात असली की बोटाला लागते.

कादिया : आणि तरीही तिकडच्या बाईच्या बोटाला लागली तर?

पुल्केरिया : ओरडली तर थुंकून दे तिच्याच ओंजळीत. झाडाला काय, पुढच्या जूनमध्ये आणखी चेऱ्या येतील.

कादिया : आणि गप्प बसली तर?

राणी : तर त्याच दिवशी तिचं नाव विचारून घे, बाळ. मी विचारलं नव्हतं.