उतरंडीच्या धोंड्याजवळील खड्ड्याबाबत

जबाब, दि. १५/१२/२०२४, रविवार.

मी पुंजाजी सखाराम इंगळे, वय ७१ वर्षे, धंदा विहीर खोदकाम (आता बंद), शिक्षण दुसरी, बाकी वाचून-वाचून, रा. मोताळा, जि. बुलढाणा, समक्ष हजर राहून माझ्या हाताने लिहून देतो की, ठाणेदार साहेब, आधी आपली तब्येत बरी असेल. जमादार साहेबांचा खोकला सकाळपेक्षा कमी वाटतो. शिपाई काजल मॅडम सकाळपासून उपाशी दिसतात, त्यांनी दोन घास खाऊन घ्यावे. आमच्याकडे माझे गुडघे ठीक, सून सारिका ठीक. बायको कलाबाई बाहेर बसली आहे. मुलगा धम्मरत्न आत आहे, त्याची तब्येत आपल्याला ठाऊक.

धम्मरत्नची तलाठी म्हणून निवड झाली आहे. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद याच ठाण्यात आहे. म्हणून जसे घडले तसेच लिहितो.

उतरंडीचा धोंडा म्हणजे मडक्यांच्या उतरंडीसारखे एकावर एक बसलेले चार काळे दगड. जिल्हाभरातून लोक पाहायला येतात. १९७९ साली त्याच्या पायथ्याच्या शेतात मी महादेवरावांची विहीर खोदली. बेचाळीस फुटांवर पाणी लागले. तेव्हा मी व कलाबाई तीन महिने धोंड्याच्या आडोशाला राहिलो. यंदा डॉक्टरांनी तिची नजर जात चालल्याचे सांगितल्यावर ती म्हणाली, "मले तो धोंडा एकखेप पाहून येऊ द्या." म्हणून काल शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही चौघे तिथे गेलो व सारिकाने आणलेला निळा तंबू लावला.

साडेपाच वाजता मी हातभर खोल खड्डा केला, त्यात गोवऱ्या पेटवल्या आणि निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजले. सोबत वांग्याची भाजी. सहा वाजता महादेवरावांचा मुलगा शेखर मोटारसायकलवर आला. "काय बाबा, इथं काऊन मुक्काम करून राह्यले?" असे त्याने विचारले. विहिरीची ओळख सांगितली तेव्हा बसला. मुलाच्या नोकरीचेही आम्हीच कौतुकाने सांगितले. त्याने तीन रोडगे खाल्ले, तूप दोनदा मागून घेतले. जेवणाऱ्याचे आम्ही मोजत नाही, पण आज लिहावे लागते. जाताना म्हणाला, "धोंड्याच्या मांगं जाऊ नका, तथी आग्यामोहोळ आहे."

आज सकाळी सहा वाजता मी राख बाजूला करून त्याच निखाऱ्यांवर चहा केला. खड्ड्यात दुसरे काही नव्हते. मग धोंड्याच्या मागे जाऊन आलो. मोहोळ नव्हते. सगळ्यात खालच्या दगडाला एका ओळीत सहा भोके होती, ओल्या मातीने बुजवलेली. काडी घातली तर हातभर आत गेली. अशी भोके मी चाळीस वर्षे पाडली आहेत. दगड फोडायला त्यांत सुरुंग भरतात. मागे वळलो तर बांधावर शेखर उभा होता. मी हात वर केला, त्याने केला नाही.

पावणेसात ते सव्वासात आम्ही चौघे पूर्वेच्या बाजूला सूर्य उगवताना पाहत होतो. तंबूपाशी, खड्ड्याजवळ आमच्यापैकी कोणी नव्हते. कलाबाईने विचारले, "वरचा दगड तसाच कलला आहे काय हो?" मी हो म्हणालो. ती धोंड्याला हात लावून उभी राहिली. त्याचा तपासाशी संबंध नाही.

आठ वाजता आपली गाडी आली. आम्ही गुप्तधन काढत आहोत अशी शेखरची तक्रार होती. खड्ड्यात कुंकू लावलेली पाच लिंबे निघाली. धम्मरत्न म्हणाला, "साहेब, आमच्या घरी लिंबू फक्त वरणावर पिळतात." त्यावर शेखर हसला. "तलाठी होऊन राह्यला न बे तू? मंग खड्डे कायले खोदतं?"

याबाबत माझे म्हणणे असे. गोवरीचा विस्तव राखेखाली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिवंत राहतो. रात्रीची लिंबे असती तर करपून चिमली असती. पंचनाम्यात ती हिरवी व टवटवीत लिहिली आहेत. पहिले लिंबू उचलताना जमादार साहेबांनी बोटांवर फुंकर मारली, हे सर्वांनी पाहिले. लिंबे ठेवताना मी कोणाला पाहिले नाही, म्हणून नाव घेत नाही. भोकांचे मी दोनदा सांगितले. शेखर म्हणाला तिकडे मोहोळ आहे, आणि कोणी तिकडे गेले नाही.

खड्डा माझा आहे. मुलाने फावड्याला हात लावला नाही. लावला असता तर खड्डा इतका गोल आला नसता. गुन्हा असेल तर माझ्या नावावर लिहावा.

हा मजकूर जमादार साहेबांनी मोठ्याने वाचला, कलाबाईने दारातून ऐकला, आणि मी लिहिल्याप्रमाणे बरोबर आहे. त्या भोकांतली माती वाळायच्या आत कोणीतरी तिथे जाऊन यावे. आणि धम्मरत्नच्या पडताळणीच्या कागदावर काय लिहिता ते लवकर लिहून कळवावे. उत्तराचा पत्ता मोताळ्याच्या घरचा नको, ठाण्याबाहेरचा बाक. आम्ही तिथेच आहोत.

(सही) पुंजाजी सखाराम इंगळे