डावीकडून तिसरा

…आणि टेबलं? टेबलं स्वच्छ! अहो, वर्तमानपत्राच्या कचेरीतलं टेबल आणि त्यावर एक फुलदाणी, एक कोरा कागद, बस्स! मी उपसंपादक म्हणून लागलो, चौतीस वर्षं काढली, मला माझ्या टेबलाचा रंग निवृत्तीच्या दिवशी कळला, पसारा आवरताना… हिरवा होता! आणि इथे पडद्यावर बघतो तर सगळे पळतायत. बातमीदार पळतोय, छायाचित्रकार पळतोय, ती नायिका तर कागदांचा गठ्ठा छातीशी धरून जिने चढतेय… कुठे निघालीस बाई? फोन वाजला की पहिल्या रिंगला उचलतात! आमच्याकडे फोन वाजला की सगळे एकदम कामात बुडायचे, आणि ज्याची मान आधी वर होईल त्याच्या गळ्यात तो पडायचा. सगळं खोटं, तुम्हाला सांगतो, सगळं खोटं!

आणि हा सिनेमा लिहिलाय कोणी? आमच्याकडेच क्रीडापान बघायचा त्यानं! मी जाणारच नव्हतो हो. पण पूर्णविरामांच्या मुलीचा फोन आला. पूर्णविराम म्हणजे आमचे वृत्तसंपादक. नाव आम्हीच ठेवलेलं, कारण त्यांचं बोलणं सुरू व्हायच्या आतच संपायचं. पान पुढ्यात घ्यायचे, वरपासून खालपर्यंत बघायचे, सही ठोकायचे आणि म्हणायचे, "सोडा." म्हणजे पान छपाईला सोडा. दिवसभरात तेवढाच शब्द. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. मुलगी दातांची डॉक्टर आहे, लोकांची तोंडं उघडते, पण वडिलांचं तोंड काही तिला उघडता आलं नाही. म्हणाली, "काका, सिनेमात बाबा आहेत म्हणे. एकटीनं बघवणार नाही. याल?" आता याला नाही म्हणणारा माणूस कुठल्या तोंडानं जगेल, सांगा बरं?

गेलो. दुपारचा खेळ. आणि काय बघतो… पूर्णविराम गातायत! टेबलावर चढून भाषण ठोकतायत! छपाईखान्यात धावत जाऊन ओरडतायत, "मशीन थांबवा!" अरे, मशीन थांबवायचं तर फोरमनची मनधरणी करावी लागते, तो आधी विचारणार कोण तुम्ही, मग विचारणार कशाला… मी पुटपुटत होतो, "हे चूक, तेही चूक," तर मागून एक बाई म्हणाल्या, "आजोबा, घरी जाऊन तपासा ना!" पण सगळं खोटं हो!

…आणि मग तो फोटो आला. पुलाचं उद्घाटन, तीन माणसं, कात्री. आणि हे मात्र खरं होतं.

खरं काय ते तुम्हाला सांगतो, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या पानावर तो फोटो होता. त्याखालची ओळ मी लिहिली. महापौर ओळखू आले, मुख्य अभियंता ओळखू आले, तिसरा कोण काही कळेना. बातमीदाराला विचारू म्हणून मी आपली स्वतःसाठी तिथेच टीप लिहून ठेवली, आणि उठलो चहाला. चहा रंगला, गप्पा रंगल्या, आणि मी साफ विसरलो! दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, ठळक अक्षरात : "डावीकडून : महापौर, मुख्य अभियंता आणि हा तिसरा जाड्या कोण ते विचारणे."

हसताय? हसा, हसा. तिसरा जाड्या म्हणजे आमच्या मालकांचे व्याही!

मालक अंक आपटत ओरडले, "माझ्या व्याह्यांना जाड्या? मुलगी दिलीय मी त्या घरात! आता कुठल्या तोंडानं जाऊ? कोणी लिहिलं हे? कोणी?" आम्ही अकरा जण उभे होतो, माना खाली. मी बोलणार होतो… नाही, खोटं कशाला, नव्हतो बोलणार. घरी दोन पोरं, बायको आजारी. आणि पूर्णविराम पुढे झाले. म्हणाले, "पानावर सही माझी आहे. चूक माझी." बस्स. सहा शब्द. जन्मात एवढे सलग बोलले नसतील.

त्यांना जिन्याखालच्या खोलीत बसवलं, 'हरवले-सापडले'च्या जाहिराती तपासायला. सात वर्षं, निवृत्त होईपर्यंत! छत्री हरवली, किल्ल्या सापडल्या, मांजर हरवलं… आणि त्यांच्या खुर्चीत बसवलं कोणाला? मला! रोज येता-जाता जिन्यात भेट व्हायची. मी थांबायचो, आज बोलू, आज बोलू. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "चला." असा मी चालत राहिलो. लाज वाटते हो सांगायला, पण वाटते हेही खरं.

आणि सिनेमात? सिनेमात ती ओळ पूर्णविरामच लिहितात! आमच्या क्रीडापानवाल्याला तेवढंच माहीत, त्या बिचाऱ्याचा काय दोष? पडद्यावर ते खुदुखुदु हसत लिहितात, सकाळी अंक उघडतात, कपाळावर हात मारून घेतात, आणि अख्खं थिएटर लोळतंय. मागच्या बाई तर खुर्चीवर थापा मारत होत्या. मी बाजूला बघितलं तर पोरगी रडतेय. हसता हसता रडतेय, माझा दंड घट्ट धरून. सगळं खोटं म्हणत होतो ना मी? पण हे खोटं तर माझंच होतं!

बाहेर आल्यावर जिन्यात तिला थांबवलं. म्हटलं, पोरी, ती चूक तुझ्या बाबांची नव्हती. माझी होती. आणि सगळं सांगितलं, चहासकट. लोक खांद्याला खांदा घासून उतरत होते, मी बोलत होतो. वाटलं, आता ही रागावेल, शिव्या देईल, देऊ दे, सुटेन एकदाचा.

तिनं नुसती मान हलवली. अगदी बापावर गेली होती तेव्हा. मग म्हणाली, "काका, बाबा घरी कधी चुकलेच नाहीत. मी वसतिगृहातून पत्र लिहायची ना, ते लाल शाईनं तपासून परत पाठवायचे. बाबांच्या फोटोकडे बघतानासुद्धा मी पाठ ताठ करते. आज पहिल्यांदा वाटलं, हा माणूस आपल्यासारखाच होता, चुकायचा, डोक्याला हात लावून बसायचा… तीनशे माणसं आज बाबांवर प्रेमानं हसली हो. तेवढी एक चूक राहू द्या ना त्यांच्याकडे."

आता बोला! जन्मभर जड झालेली चूक, परत करायला गेलो तर दारातूनच परत पाठवली. खुर्ची त्यांची गेली, ती मला मिळाली, आणि माफी मागावी तर मागायची सोय नाही. मी म्हटलं, "बरं."

आणि एवढ्यावर संपलं असतं तर ठीक होतं हो. रविवारची तीन तिकिटं काढलीयत तिनं. आईला दाखवायचाय म्हणे. तिची आई, आमच्या वहिनी, त्या सात वर्षांत त्यांनी काय काय सोसलं ते मला माहीत आहे. मला म्हणाली, "काका, तुम्ही आम्हां दोघींच्या मध्ये बसा. आणि तो फोटो आला ना, की आईच्या आधी तुम्ही हसायचं."

…सकाळपासून आरशासमोर बसलोय. जमत नाहीये.