सालेहची फुली

माझं माहेर देवरुखचं, आणि लग्न होऊन गेले ती थेट आफ्रिकेत, टांगानिकातल्या टांगा गावी. घोड्याचा टांगा नव्हे हो, बंदराचं गाव, आमचे हे तिथं रेल्वेत क्लार्क. आता इकडे लंडनला, एजवेअरला राहून पस्तीसेक वर्षं झाली, पण काय सांगू तुम्हाला, ह्यांचं मन अजून अर्धं तिथंच. पूर्वी अर्धं होतं, आता जास्तच, आणि तीच तर माझी काळजी.

तिथं आमच्याकडे सालेह म्हणून स्वयंपाकी होता, आमटी माझ्यापेक्षा बरी करायचा मेला. राज्य इंग्रजांचं, आणि स्वातंत्र्याच्या थोडं आधी त्यांनी इलेक्शन काढलं ते असं, की गोऱ्यांची जागा वेगळी, आपल्या लोकांची वेगळी, आफ्रिकनांची वेगळी. आणि मत द्यायचं तर तिघांनाही द्यायचं, एक गोरा, एक आपला, एक आफ्रिकन, अशा तीन फुल्या. एक जरी राहिली तरी सगळा कागद बाद. आपल्यातले पुष्कळ कुरकुरले, आम्ही आमच्या माणसाला देऊ, बाकीच्यांशी आम्हाला काय करायचंय. पण करतात काय, कायदाच तसा. आणि गंमत बघा, देश त्या सालेहचा आणि त्यालाच मत नाही, का तर पगार कमी, शिक्षण नाही. हे मत द्यायला आत गेले तर तो आपला बाहेर आंब्याखाली उभा. हे आल्यावर विचारतो काय, साहेब, आमच्या माणसाला दिलंत ना. हे म्हणाले, दिलं रे बाबा, ती तुझी फुली. तेव्हा असा हसला की अजून मला दिसतो.

तर सांगत काय होते, हं, ह्यांचं. गेल्या वर्षापासून हे विसरायला लागले. आधी चष्मा, मग डॉक्टरची अपॉइंटमेंट, मग एकदा दुकानात गल्ल्यावरच्या मुलीशी चक्क तिकडची स्वाहिली बोलायला लागले. मी हसण्यावारी नेलं. नीलाला, म्हणजे आमच्या मुलीला, कळूच दिलं नाही. ती फार्मसिस्ट, तिला लगेच कळलं असतं, आणि सरळ म्हणाली असती, आई, तुला झेपणार नाही, बाबांना केअर होममध्ये ठेवू. अहो, ह्यांच्याशिवाय ह्या घरात मी एकटी काय करू, भिंतींशी बोलू? तिचा फोन आला की मी म्हणायची, बाबा झोपलेत.

आणि त्यातच नीला इथल्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली! आमच्या वॉर्डात तीन जागा, म्हणून इथंही तीन फुल्या, पण इथं कोणालाही द्या, नाहीतर एकच द्या, काही बाद होत नाही. नीलाच्या पक्षाचे तिघं म्हणजे ती, एक गोरी बाई आणि एक गुजराती. ह्यांना मी दहादा पढवलं, ह्या तिघांनाच हं. हे हो हो म्हणाले.

मतदान शाळेच्या हॉलमध्ये. आत मला ह्यांच्याबरोबर उभं राहता येईना, आणि गेटपाशी नीला स्वतः, छातीवर पक्षाचं रिबिनीचं फूल लावून. म्हटलं, देवा, आजचा दिवस निभावून ने. हे किती वेळ येईचनात. आले ते मोठ्यानं बोलतच, झालं बघ, एक आपला, एक गोरा, एक आफ्रिकन, आता कागद बाद होत नाही. नीला म्हणाली, बाबा, कुठला आफ्रिकन? हे म्हणाले, तो लीफलेटवर फोटो होता तो. अहो, तो घानाचा गृहस्थ, समोरच्या पक्षाचा! नीला म्हणाली, पण का? हे म्हणाले, सालेह विचारेल ना. सालेहची गोष्ट ऐकतच ती वाढलेली, तिनं माझ्याकडे पाहिलं, आई, हे कधीपासून चालू आहे? मी म्हटलं, अगं थट्टा करतायत. तेवढ्यात तिला पक्षाच्या कोणी हाक मारली, आणि मी ह्यांना हाताला धरून तडक घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. नीला पेढे घेऊन आली, ती निवडून आली, ती गोरी बाईही आली, पण गुजराती पडला आणि घानाचा आला. हे ऐकून ह्यांनी टाळीच वाजवली. बघ, तिघंही आले! जा, सालेहला सांग, बाहेर उभा असेल.

आता काय लपवणार? नीला माझ्याकडे न बघता उठली, कोट न घालता बाहेर गेली. मी खिडकीतून बघतेय, कचऱ्याच्या डब्यांपाशी नुसती उभी, डोळे पुसत होती. मग आत येऊन म्हणाली, सांगितलं बाबा, सालेह खूप हसली. तिचं मराठी असंच, तो आणि ती तिला कधी जमलंच नाही. मग माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाली, आई, एकटी नको करू सगळं, मी रोज येणार, बाबा इथेच राहणार. मला रडूच फुटलं हो. अशी मुलगी देव सगळ्यांना देवो.

एवढ्यात हे रागावले, अगं, बाहेरच का ठेवलंस त्याला, आत बोलव की.

नीलानं जाऊन दार सताड उघडलं. गार वारा आत येत होता, पण मी ते लावायला गेले नाही.