एक हिरवी, एक निळी

(जावा बेटावरचं योग्याकार्ता शहर. चित्रकथांच्या जत्रेतलं एक टेबल, भर दुपार. टेबलामागे निंग्रुम, लारासची 'म्बाक' म्हणजे मानलेली ताई, आणि चित्रकार मंडळातले वडीलधारे तोपान, ज्यांना सगळे आदरानं 'पाक' म्हणतात. समोर लारास, हातात फ्रेम.)

लारास: उठू नकोस, म्बाक. चहा संपव आधी. मी भांडायला नाही आले. हे माझ्या गेंबिलचं चित्र परत द्यायला आले.

निंग्रुम: अगं, हे तर मी तुझ्या वाढदिवसाला दिलेलं! भेट कुणी परत करतं का, वेडे?

लारास: भिंतीवरून उतरवलं. खिळा तेवढा राहिलाय.

तोपान: लारास, बस बघू. सोयाबीनचे तळलेले टेंपे गरम आहेत, सोबत मिरची घे. पोटात काही गेलं की डोकं थंड होतं.

लारास: बसते, पाक तोपान. पण तुम्ही हलू नका. माझं तुमच्याकडेही काम आहे.

निंग्रुम: मला कळलं. कॉफीच्या पुड्यावरच्या चित्रावरून चाललंय हे. लारास, शपथेवर सांगते, मी तुला सांगणारच होते. जरा बरी वेळ बघत होते.

लारास: छान बघितलीस. तोवर पुडा दुकानात आला, बसच्या पाठीवर आला आणि माझ्या आईच्या स्वयंपाकघरात आला. आईच म्हणाली, "आपला गेंबिल कॉफी कधीपासून प्यायला लागला गं?"

निंग्रुम: तो गेंबिल नाहीये.

लारास: काय?

निंग्रुम: नीट बघ ना. त्याचं नाव वेगळं, शेपूट जाड. आणि तो हसतो. तुझा कधी हसतो का? तुझा सदान्‌कदा शिंकत असतो.

लारास: शिंकतो, कारण त्याला कॉफीचा वास सोसत नाही! अख्ख्या जावातली उदमांजरं कॉफीची फळं शोधून खातात, हे एकच असं, की जे ती दिसली की पळतं. सगळी गंमत एवढीच आहे गं. आणि तू त्याच्याच हातात कप दिलास.

तोपान: खरं सांगू, मला त्यात विनोद दिसला.

लारास: मलाही आलं असतं हसू, पाक. दुसऱ्या कुणाचा असता तर.

निंग्रुम: आणि सपाता? सपाता बघितल्यास? दोन्ही हिरव्या आहेत. तुझ्या गेंबिलची एक हिरवी, एक निळी. म्हणजे वेगळाच झाला की नाही तो?

लारास: सपातांचं तू नको बोलूस, म्बाक.

निंग्रुम: कंपनीवाले म्हणाले, अशा ठेवल्या तर लोकांना छपाई चुकली असं वाटेल.

लारास: आणि तू काय म्हणालीस?

निंग्रुम: काय म्हणणार? बदलल्या.

लारास: त्या सपाता कुठून आल्या, ते मंडळात फक्त तुला माहीत होतं. माझे बापाक शुक्रवारच्या नमाजाला गेले आणि मशिदीच्या पायरीवरून कुणीतरी त्यांची एक घालून गेलं, आपली निळी ठेवून. आई म्हणाली, नव्या घ्या. तर म्हणतात कसे, "तो बिचारा पण असाच फिरत असेल कुठेतरी. मी नव्या घेतल्या तर तो एकटा पडेल." मरेपर्यंत त्याच घातल्या त्यांनी.

निंग्रुम: माहीत आहे गं मला.

लारास: ते गेल्यावर दारातल्या त्या सपाता मला उचलवत नव्हत्या. कुणी उचलल्या?

निंग्रुम: लारास...

लारास: तू उचलल्यास. धुतल्यास, कागदात गुंडाळल्यास, कपाटात ठेवल्यास. त्याच हातांनी मग दोन्ही हिरव्या केल्यास.

तोपान: हळू बोल, लोक बघताहेत. घरातलं घरात मिटवावं माणसानं. अजून मंडळ आहे, मी आहे.

लारास: तुमच्याकडेच येते. तुम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवता? दुसऱ्याचं पात्र काढलं तर कोपऱ्यात काय लिहायचं?

तोपान: आधी ज्याचं पात्र त्याचं नाव. मग आपली सही.

लारास: मग या कोपऱ्यात काय दिसतंय?

तोपान: निंग्रुमची सही.

लारास: आणि वर?

तोपान: वर काही नाही.

निंग्रुम: घाईत राहून गेलं असेल. तुझ्या वाढदिवसाच्या सकाळपर्यंत रंगवत होते मी ते!

लारास: मला त्याच दिवशी दिसलं होतं. पण भेट हातात घेऊन वर कोपरा दाखवायचा? आपल्यात असं कोण करतं? विसरलीस तू आणि लाजले मी. त्या लाजेपायी गप्प बसले, ते अंगाशी आलं.

तोपान: बोलली असतीस तर तेव्हाच निस्तरलं असतं.

लारास: हो का? आणि कंपनीनं मंडळात फोन करून विचारलं, हे पात्र कुणाचं, तेव्हा फोन कुणी घेतला?

तोपान: मी खोटं नाही बोललो.

लारास: काय बोललात?

तोपान: म्हटलं, आमच्या मंडळाचंच आहे.

लारास: मंडळाचं! वा, पाक. सापही मेला आणि काठीही मोडली नाही.

तोपान: तुमच्या दोघींपैकी एकीचं नाव घेऊन दुसरीला दुखवायचं माझ्या जिवावर आलं गं.

लारास: म्हणून मला दुखवलंत. मी ओरडत नाही ना, म्हणून.

निंग्रुम: त्यांना नको बोलूस. चूक माझी आहे. ऐक लारास, मी इतकी वर्षं काढतेय. सगळ्यांच्या वाढदिवसांना सगळ्यांची पात्रं काढली. माझं स्वतःचं एखादं आठवतं तुला? सांग एक.

लारास: ते तुझं... थांब, आठवते.

निंग्रुम: बघ. तुलाही नाही आठवत. आणि एक दिवस तो कंपनीचा माणूस माझ्या भिंतीपाशी थांबतो, याच चित्राची प्रत बघतो आणि विचारतो, "हे कुणाचं?" जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं मला. तोंडातून निघून गेलं, माझं.

लारास: आणि मग माझं पुस्तक गेलं.

निंग्रुम: कुठलं पुस्तक?

लारास: गेंबिलचं. काल प्रकाशकाकडे गेले होते. म्हणाले, "इबू लारास, हे तर कॉफीवालं उदमांजर, आम्हाला नाही छापता येणार." परवापर्यंत मी त्यांची म्बाक लारास होते. काल एकदम इबू, परक्या बाईला म्हणतात तसं. चोर समजले ते मला.

निंग्रुम: देवा! मला खरंच माहीत नव्हतं गं.

लारास: आज सकाळी माझ्या टेबलाशी एक बाई आली. म्हणाली, "नक्कल छान जमलीय, फक्त सपाता चुकल्यात."

तोपान: अरेरे.

लारास: त्याचंही एवढं नाही वाटलं. नंतर कागद घेतला, म्हटलं, आपला आपण एक काढू. डोळे मिटले, तर तुझाच आला डोळ्यांसमोर. कप घेऊन हसणारा. म्बाक, माझा मला दिसेचना.

निंग्रुम: मी काय करू सांग. पाया पडू? मी कंपनीच्या कागदावर सही करून बसलेय, की कल्पना माझी आहे. आता फिरले तर मला कोर्टात उभं करतील.

लारास: कंपनीकडे जाऊ नकोस. प्रकाशकाकडेही नको. हे पेन घे.

निंग्रुम: कशाला?

लारास: राहून गेलं होतं म्हणालीस ना? आता लिही. "गेंबिल, लारासचा." एवढंच. चित्र परत घरी नेते, त्याच खिळ्याला लावते.

निंग्रुम: कुणी फोटो काढला तर?

लारास: कुणी नाही काढणार. मी कुणाला दाखवणारही नाही. बापाकची शपथ घेते, हवी तर.

तोपान: लिहून टाक, निंग्रुम. घरच्या भिंतीवर कोण बघणार आहे?

लारास: मी बघेन.

निंग्रुम: कुठे लिहू?

लारास: सहीच्या वर. तेवढी जागा तू तेव्हाच सोडून ठेवली होतीस.

तोपान: लिही ना गं. नुसतं पेन धरून किती वेळ बसशील?

निंग्रुम: लारास, तू तरी समजून घे. माझ्याकडे दुसरं काहीच नाहीये गं.

लारास: टोपण लावा, इबू निंग्रुम. शाई वाळेल.